ती जीप कुणालाच कशी दिसली नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या छोट्या शहरात घडणाऱ्या त्या प्रेम-रहस्य कादंबरीवर तुम्ही रविवारच्या पुरवणीत वाचकांची मतं छापलीत. सगळी वाचली. म्हापशाच्या एका वाचकांना प्रेम फार आणि तपास कमी वाटला. मडगावच्या एका बाईंना तपासच नको होता, ती दोघं एकत्र कधी येतात एवढंच त्यांना बघायचं होतं. फोंड्याच्या गृहस्थांनी संवाद कोकणीत का, म्हणून हरकत घेतली आहे. डिचोलीच्या बाजारात मासे घेताना कुणी प्रमाण मराठीत घासाघीस करत नाही, एवढंच त्यांना सांगते आणि पुढे जाते. बाकी सगळी चर्चा प्रेम किती आणि रहस्य किती याच्या वजनमापात गेली. या कादंबरीचं जे काही बरंवाईट आहे ते तिच्या गावात आहे, आणि गावाबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. म्हणून हे पत्र.

मी डिचोलीची. उपनिबंधक कार्यालयात कारकून होते, आता निवृत्त. लोकांची लग्नं, जमिनी, मृत्युपत्रं हाताखालून गेली. त्यामुळे गोष्ट वाचतानाही नजर आधी कागदांवर जाते. भाची म्हणते, ‘मावशी, तू प्रेमकथेत पंचनामा शोधतेस.’ शोधते. खून लेखिकेनं घातलाय, मी नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नायिका वडिलांच्या मृत्यूनंतर बंगळुरूहून गावी येते. वडील खाणीवर वजनकाट्याचे कारकून. बंद पडलेल्या खाणीच्या पाण्यात त्यांचा मृतदेह सापडला, पाय घसरून पडले असं पोलिसांनी लिहिलं आणि प्रकरण मिटलं. तिला ते पटत नाही. पोलीस ठाण्यात निरीक्षक म्हणून तिचा शाळेतला जुना सोबती बसलेला. घर आणि भाट, म्हणजे बागायत, वडिलांनी मृत्युपत्र करून धाकट्या भावाच्या, म्हणजे काकाच्या नावे केलेलं. तिला धमकीच्या चिठ्ठ्या येऊ लागतात, पाऊस सुरू होतो, पूल पाण्याखाली जातो. खुनी कोण ते मी सांगत नाही. आमच्या वाचनालयातल्या प्रतीत मात्र कुणीतरी काकाच्या पहिल्याच प्रसंगाशेजारी पेन्सिलीनं ‘हा नव्हे’ असं लिहून ठेवलं आहे. तुमच्याकडे आलेल्या मतांपेक्षा मला ते मत जास्त उपयोगी वाटलं, कारण त्यानंतर मी काकाकडे न बघता गावाकडे बघत वाचलं.

आणि गाव पहिल्या शंभर पानांत फार छान उतरलं आहे. बुधवारच्या बाजाराचं प्रकरण पुन्हा काढून बघा. मुलगी अबोलीचे वळेसार, म्हणजे गजरे, घेणार म्हणून थांबते आणि सहज विचारते, ‘बाबा शेवटचे इथे कधी आले होते?’ फुलवाली म्हणते मंगळवारी. मासेवाली म्हणते, छे, आठ दिवसांत दिसले नाहीत. न्हावी आरसा पुसत राहतो. खोटं कुणीच बोलत नाही, पण खरंही पुरतं कुणी सांगत नाही. प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे आणि तो आपण पहिल्यांदा काढायचा नाही एवढं सगळ्यांना कळतं. पुढे कळतं की त्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा ट्रक त्या खाणीवर लागत होता. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१५ ला काही सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या. दारात गंजणारा ट्रक आणि बँकेचा हप्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना न्हाव्याचा तो पुसत राहिलेला आरसा समजावून सांगावा लागत नाही. वजनकाट्याच्या वहीत काय लिहिलंय ते बाहेर आलं तर किती घरांच्या चुली अडचणीत येतील, हा विचार त्या गप्प बसण्यामागे आहे. इथे लेखिकेनं खरं रहस्य पकडलं होतं. आमच्याकडे कुणाला काही ठाऊक नसतं असं होत नाही. पहिलं तोंड कोण उघडणार, एवढाच प्रश्न असतो.

मग मधल्या भागात काय झालं कोण जाणे. अंधार, पाऊस, बॅटरीचा उजेड आणि मागून येणारी पावलं एवढंच उरलं, आणि गाव जणू रजेवर गेलं.

त्या जीपचंच घ्या. पुरवणीतल्या तीन पत्रलेखकांना तो प्रसंग ‘अतिशय हळवा’ वाटला. निरीक्षक साहेब रात्रभर तिच्या घरासमोर जीप लावून बसतात, तिला न सांगता, तिच्या रक्षणासाठी. ती सकाळी दार उघडते तेव्हा जीप निघून गेलेली, चिखलात फक्त चाकांच्या खुणा. वाचायला बरं आहे. पण संपादक महाशय, ते घर वाड्यावर, म्हणजे वस्तीत आहे. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत येतो, त्याआधी कुणीतरी देवळात परसातली फुलं घेऊन निघालेलं असतं, आणि पहिल्या कदंब बसनं पणजीला कामाला जाणारे रस्त्यावर उभे असतात. पोलिसांची जीप लग्न न झालेल्या मुलीच्या दारात रात्रभर उभी होती ही बातमी न्याहारीच्या आत बोर्ड्यापासून व्हाळशीपर्यंत पोचली असती. दुपारी मुलीच्या आत्याचा फोन आला असता. कादंबरीत आठवडा उलटला तरी कुणाला पत्ता नाही.

हे मी चेष्टेनं सांगत नाही. छोट्या गावातलं प्रेम हेच मुळात रहस्य असतं. बसस्टॉपवर शेजारी उभं राहायचं की चार पावलं लांब, शिरगावच्या जत्रेत कुणाच्या घोळक्यातून जायचं, नाटकाला कुठल्या रांगेत बसायचं, यात जी धडधड असते ती चाकू घेतलेल्या माणसात नाही. लेखिकेला हे येतं. शाळेच्या आठवणींचं प्रकरण तिनं तसंच लिहिलं आहे, ती दोघं मये तलावाकडे वेगवेगळ्या वाटांनी जातात ते. मग मोठेपणी त्यांना कुणीच कसं बघत नाही?

या जीपवरून आमच्या वाचनालयात जुंपली तेव्हा आम्हा वयस्कांना वाटलं होतं की मुलींना हा प्रसंग आवडणार. झालं उलटं. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, ‘तो तिला न विचारता तिच्या मागे फिरतो, तिचा फोन चाळतो, आणि आपण त्याला नायक म्हणायचं?’ माझ्या वयाच्या दोघी म्हणाल्या, अगं काळजी असते. ती म्हणाली, काळजी असेल तर बेल वाजव. मला तिचं पटलं. बाईचा असा पाठलाग करणं २०१३ पासून कायद्यानं गुन्हा आहे, हल्लीच्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७८. पोलिसाला यात सवलत आहे, पण ती गुन्हा रोखायला किंवा शोधायला सरकारनं काम सोपवलं असेल तेव्हा. आपले साहेब तर प्रकरण मिटल्याचा कागद सही करून बसलेले. नायकावर अर्धी कादंबरी संशय राहिला पाहिजे ही या प्रकारच्या लेखनाची गरज आहे, हे मलाही कळतं. पण संशय वाढवणारं वागणं शेवटी प्रेमाचा पुरावा म्हणून खपवलं, की वाचणाऱ्या मुलीला राग येणारच. लेखिकेनं निदान नायिकेला तरी रागवू द्यायचं होतं. ती चक्क विरघळते.

नायक पोलीस कशाला, याचं उत्तर भाचीनं दिलं. ती फोनवर इंग्रजीतल्या असल्या कादंबऱ्या वाचते. तिथे बहुतेकदा मुलगी गावी परत येते आणि गावाचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, तिचा जुना प्रियकर निघतो. तिकडे ते खपून जातं, कारण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शेरीफ मतदारांनी निवडून दिलेला असतो. तो तिथलाच माणूस, त्याच्या खुर्चीला गावाचीच मतं. आपल्याकडे निरीक्षक बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. काल वाळपई, उद्या काणकोण. साचा उचलला तर निदान आपल्या ठाण्यात बसेल इतका तासून घ्यायला हवा होता. निरीक्षकाऐवजी गावातलाच हवालदार केला असता तर? त्याची आईसुद्धा बाजारात भेटली असती, आणि बाजारातलं ते गप्प बसणं त्याच्या घरातही शिरलं असतं.

आता पंचनामा. अशा मृत्यूचा इन्क्वेस्ट पोलीस एकट्यानं करत नाहीत. शेजारपाजारच्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर तो व्हावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत १९४. म्हणजे मृतदेहाशेजारी गावातली दोन माणसं कायद्यानंच उभी केलेली असतात. त्यांनी अंगावरच्या जखमा पाहिलेल्या असतात, कागदावर सह्या केलेल्या असतात. मग शवचिकित्सेला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेतात तेव्हा बांबोळीला बाहेर ताटकळणारे चार नातेवाईक वेगळेच. कादंबरीत या माणसांचा मागमूस नाही. नायिका आकाशपाताळ एक करते, पण पंच कोण होते हे एकदाही विचारत नाही! त्या दोघांतला एक तो न्हावी असता तर आरसा पुसण्याचं प्रकरण कुठच्या कुठे गेलं असतं.

मृत्युपत्राचं तर बोलायलाच नको, पण बोलते, कारण माझी नोकरी त्यातच गेली. काका पेटीतून एक कागद काढतो, त्यावर वडिलांची सही, आणि पोरगी बेघर. पुण्यामुंबईत असं काही जमत असेल. गोव्यात मृत्युपत्र नोटरीसमोर होतं, साक्षीदारांदेखत. त्यातूनही, नवराबायकोनं लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक, अर्धी बायकोची. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा वाटा मुलांसाठी राखीव, आणि कायद्यात दिलेल्या ठराविक कारणांशिवाय मुलांना त्यातून काढता येत नाही. वडिलांना मन मानेल तसं देता येतं ते जेमतेम चौथाई. पोर्तुगीज काळापासून हे असंच आहे आणि आपल्या वारसा कायद्यानंही तेच ठेवलं. कादंबरीत आई हयात आहे, माजघरात बसून रडते आहे. अहो, अर्ध्या घराची मालकीण आहे ती! कुणीतरी तिला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा आणून दाखवायचा होता. खुनाचं कारण म्हणून हे मृत्युपत्र उभं केलंय आणि ते पहिल्याच इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कोर्टातल्या कामात, कोसळतं. खरं म्हणजे आपल्याकडच्या इन्व्हेंटरीत मृत्युपत्रापेक्षा जास्त नाट्य असतं. सगळे वारस एका नोटिशीत येतात, पोर्तुगालला गेलेला भाऊसुद्धा, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही ते एका बाकावर बसतात.

तुमच्या एका वाचकानं लिहिलंय की कादंबरी आहे, कायद्याचं पुस्तक नव्हे, सूट द्यावी. प्रेमात देते मी सूट. ती दोघं पुरात छातीभर पाण्यातून एकमेकांना भेटतात, मी एक शब्द काढला नाही. साखळी-डिचोलीकडच्यांना पुराचं पाणी माहीत आहे, त्यात कुणी असं बोलत उभं राहत नाही, तरी सोडून दिलं. पण रहस्य ज्या खिळ्यांवर टांगलं आहे ते खिळे तरी भिंतीत असावेत.

एवढं लिहिलं म्हणजे कादंबरी आवडली नाही असं कुणी समजू नये. दोनदा वाचली, आणि पुस्तक परत करताना रांगेत पुढच्या बाईंना बाजाराचं प्रकरण सावकाश वाचा म्हणूनही सांगितलं. आपल्या भागावर, आपल्या बंद पडलेल्या खाणींवर, इतक्या जवळून कुणी गोष्ट लिहिली याचंच अप्रूप आहे.

पुरवणीत असंही छापलं आहे की लेखिका पुढचा भाग लिहिते आहे आणि त्यात ही दोघं गुपचूप लग्न करतात. त्यावर माझी एक सूचना कृपया पोचवा. गोव्यात नोंदणी गुपचूप होत नाही. पहिली सही झाली की दोघांची नावं नोटिशीत लागतात, कुणाची हरकत असेल तर यावं म्हणून, आणि ते दिवस भरल्यावर दुसरी सही. मधले ते दिवस तिनं सोडू नयेत. फलकासमोर नवरानवरीच्या नात्यातलं नसलेलं कुणीतरी उगाच थांबतं, नावं वाचतं, चष्मा काढून पुसतं आणि आत येऊन विचारतं, ‘हरकत कुठल्या खिडकीवर घेतात?’ तिथून पुढे तिनं लिहावं. कल्पना फुकट देते आहे, पुस्तकात माझं नाव घालायची गरज नाही.

आपली,
एक निवृत्त कारकून, डिचोली