तो चाहता नव्हे, कॅडी होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीत आपण २०२५ सालाचा मागोवा घेतलात. क्रिकेटला अडीच पाने आणि गोल्फला तळाशी एक रकाना. त्याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडे गोल्फचे वाचक किती, हे मलाही कळते. उलट रकाना दिसला म्हणून आभाराचे पत्र टाकावे असे मनात होते आणि चहा संपेपर्यंत ते टिकलेही. मग चष्मा लावून छायाचित्राखालची ओळ वाचली.

'मास्टर्स जिंकल्यानंतर चाहत्याला मिठी मारताना रोरी मॅक्लरॉय.'

साहेब, चाहते दोरीच्या पलीकडे उभे असतात. ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, येऊन खेळाडूच्या गळ्यात पडण्याची पद्धत तिथे नाही. अंगात पांढरा बॉयलर सूट आणि पाठीवर 'मॅक्लरॉय' असे नाव. मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टा क्लबवर हा वेष कॅडीचा, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्याचा, आणि पाठीवर नाव असते ते ज्याची बॅग तो वाहतो त्याचे. तुमच्या उपसंपादकांनी त्या माणसाला डोक्यापासून कमरेपर्यंत उभा कापला, तरी नावातली चार अक्षरे कात्रीतून वाचलेली आहेत. मी भिंग लावून पाहिली. ती वाचली असती तरी पुरे होते.

त्याचे नाव हॅरी डायमंड. रोरी सात वर्षांचा असल्यापासूनची ओळख, उत्तर आयर्लंडमधल्या हॉलिवूड क्लबच्या सरावाच्या ग्रीनवर झालेली. (हे हॉलिवूड सिनेमाचे नव्हे. पुढच्या मागोव्यात घोटाळा नको म्हणून सांगून ठेवतो.) २०१७ पासून तो रोरीची बॅग वाहतो. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये रोरीने शेवटच्या तीन होलमध्ये दोन छोटे पट (ग्रीनवरून चेंडू खड्ड्यात ढकलायचे फटके) चुकवले आणि एका फटक्याने स्पर्धा घालवली, तेव्हा टीव्हीवरच्या पंडितांनी शिव्या कोणाला घातल्या? हॅरीला. कॅडीने बोलायला हवे होते म्हणे. हरला की कॅडीचे नाव पेपरात येते, जिंकला की तो चाहता होतो.

ती पहाट मी जागून काढलेली आहे, म्हणून जरा जास्तच लागले. १४ एप्रिल. बाहेर चौकात रात्रभर जागलेली पोरे जयंतीची कमान सजवत होती आणि मी नातवाचा मोबाइल डब्याला टेकवून बसलो होतो. रोरीने पहिल्याच होलवर दोन फटके घालवले. मग सावरला. मग तेराव्यावर, हातात वेज (चेंडू जवळच उंच उडवायचा दांडा), समोर सोपा फटका, आणि चेंडू सरळ ओढ्यात! अठराव्यावर पाच फुटांचा पट राहिला होता. तो गेला असता की संपले. चुकला. जस्टिन रोझ ६६ फटक्यांत फेरी संपवून वाट पाहत बसलेलाच होता. दोघेही पारच्या, म्हणजे ठरलेल्या फटक्यांच्या, ११ खाली. बरोबरी, म्हणजे प्लेऑफ.

आता पुन्हा अठराव्याच्या टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, परत जायचे. अकरा वर्षे मेजर (चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) नाही, सतरावी मास्टर्स, आणि नुकताच पाच फुटांवरून चुकलेला माणूस. त्याच्याशी काय बोलावे? हॅरी एवढेच म्हणाला, की मित्रा, सोमवारी सकाळी कोणी हे देऊ केले असते तर आपण घेतले असते. हे खुद्द रोरीनेच नंतर पत्रकारांना सांगितले. दहा मिनिटांनी वेजचा फटका खड्ड्याजवळ तीन-चार फुटांवर थांबला, रोझचा पट हुकला, याचा गेला आणि गडी गुडघ्यांवर कोसळला. चारही मेजर जिंकणारा इतिहासातला सहावा. ग्रीनवर त्याने मिठी मारली ती याच माणसाला. पंधरा तारखेच्या तुमच्या अंकात याला नऊ ओळी होत्या. वर धोनीच्या ११ चेंडूंतल्या २६ धावांना चार रकाने. तेव्हा मी गप्प बसलो होतो.

मी स्वतः कॅडी होतो. १९७१ सालची गोष्ट, बारा वर्षांचा असेन. छावणीला लागून एक मैदान होते, त्याचे नाव घेत नाही. अठरा होलचे दीड रुपया, आणि चेंडू हरवला तर त्यातून कापून. बॅगेचा पट्टा खांद्यात रुतायचा, म्हणून आईने फडक्याची गादी शिवून दिली होती. गवत कुठल्या बाजूला झुकलेय, कुठल्या ग्रीनवर पाणी धरून राहते, हे सगळे आम्हा पोरांना पाठ. साहेब विचारायचे, "काय देतोस?" आणि आम्ही 'सात नंबर' म्हणून दांडा पुढे करायचो. बरोबर पडला तर साहेबांचा फटका. लांब गेला तर "कुठला रे हा दांडा दिलास!"

एका पावसाळ्यानंतर आमच्या साहेबांनी क्लबची ढाल जिंकली. शेवटचा पट डावीकडे वळेल असे ते म्हणत होते, मी म्हटले सरळ आहे, नाल्याकडे ओढ आहे. त्यांनी सरळ मारला आणि तो गेला. नंतर फोटो काढायला एक जण आला. मी बॅग धरून साहेबांच्या शेजारी उभा. "ए पोऱ्या, बाजूला हो." मी झालो, पण पुरता झालो नाही बहुतेक. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला (तुमचाच पेपर होता असे म्हणत नाही) त्यात साहेब, ढाल आणि कडेला एक कोपर. आईने ते कात्रण पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून खळीने चिकटवले. कोणी बाई आली की झाकण उघडून दाखवायची, "हे आमच्या बाबूचं कोपर." आई गेली, ट्रंक गेली, पण रविवारी तुमच्या रकान्यात तो कापलेला पांढरा खांदा दिसला आणि पहिले आठवले ते हे.

आता बाकीच्या मजकुराकडे येतो. अकरा ओळींपैकी पाच ओळी डॉलरच्या. ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या टॉमी फ्लीटवूडने अमेरिकेतल्या ईस्ट लेक मैदानावर फेडेक्स कप जिंकला, एक कोटी डॉलर मिळाले, रुपयांत ८७ कोटी वगैरे. हिशोब बरोबर आहे, पण पुढे 'कारकिर्दीतले पहिलेच विजेतेपद' हे कुठून आणलेत? अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे पहिले, तेही १६४ व्या स्पर्धेत. युरोपच्या टूरवर तो आधीच सात वेळा जिंकलेला आहे. नुसती अबू धाबीच २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोनदा. गावस्करने ऑस्ट्रेलियात पहिले शतक ठोकले तेव्हा 'कारकिर्दीतले पहिले शतक' असे छापले असते तर वाचकांनी तुमच्या कचेरीवर मोर्चा आणला असता.

अमेरिकेचा स्कॉटी शेफलर 'उणे १७ गुणांनी' ब्रिटिश ओपन जिंकला, असेही लिहिले आहे. गुण नव्हेत, फटके. पारपेक्षा १७ कमी. परीक्षेत उणे गुण मिळवून कोणी पहिले येत नाही.

आणि यूएस ओपनमधला जे. जे. स्पॉनचा ओकमॉन्ट मैदानावरचा ६४ फुटांचा शेवटचा पट 'नशिबाचा' कसा? ६४ फूट म्हणजे आमच्या गॅलरीच्या जिन्यापासून थेट संडासापर्यंत. बरोबरचा हॉवलंड जवळपास त्याच रेषेतून आधी खेळला, तेव्हा चेंडू कसा वळतो ते स्पॉनने डोळ्यात तेल घालून पाहिले. त्या आठवड्यात पारच्या खाली संपवणारा तो एकटा होता. नशीब म्हणे!

कोणी म्हणेल, कॅडी कोणीही चालतो, शेफलरचा कॅडी टेड स्कॉट घरच्या अडचणीमुळे आला नव्हता, तेव्हा शेफलर दुसऱ्याचा कॅडी उसना घेऊन बीएमडब्ल्यू स्पर्धा जिंकलाच की, सतराव्यावर ग्रीनबाहेरून ८० फुटांवरून चेंडू खड्ड्यात घालून. खरे आहे. शेफलर आमच्या ट्रंकेला बॅग बांधून दिली तरी जिंकेल. पण तो उसना माणूसही फोटोत होता.

ऑक्टोबरमध्ये हाच फ्लीटवूड दिल्लीत जिंकला. बाबा जिंकल्यावर आपल्याला ग्रीनवर पळत जायचेय, ही त्याच्या पोराची हौस तिथे फिटली. तुम्ही त्याला अर्धी ओळ दिलीत. ज्या दिल्ली गोल्फ क्लबवर हे झाले तिथेच कॅडी म्हणून बॅगा वाहिलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला होता, आणि १९९३ मध्ये पुन्हा. भारतातल्या गोल्फवर लिहिताना हे सुचत नाही, पण त्याच रकान्याखाली पाव पान 'गोल्फ व्ह्यू टू बीएचके' सुचते. ती जाहिरातही पाहिली. मॉडेल उजव्या हाताने खेळतोय आणि हातमोजा उजव्याच हातात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा मोजा डाव्या हातात असतो. आणि त्या जागेच्या आसपास मैदान कुठे आहे ते जाऊन शोधा. मी त्या रस्त्याने रोज जातो, तिथून दिसते ती कचऱ्याची गाडी.

दुरुस्ती छापाल तर आतल्या पानावर, शोकसंदेशांच्या वर छापू नये ही विनंती. आणि मूळ छायाचित्र न कापलेले असेल तर त्याची एक प्रत हवी आहे. १९९५ साली बेन क्रेनशॉ ऑगस्टा क्लबवर मास्टर्स जिंकून ग्रीनवर ओणवा होऊन रडला, तेव्हाच्या छायाचित्रात त्याला सावरायला आलेला कॅडी कार्ल जॅक्सन स्पष्ट दिसतो. तेव्हाच्या कोणा संपादकाने कात्री बाजूला ठेवली असणार. टपालखर्च मी देईन.

आपला,
एक जुना कॅडी, पुणे

ता. क. : त्याच अंकातल्या शब्दकोड्यात आडवा ९, 'गोल्फ खेळाडूचा हमाल (दोन अक्षरे)'. उत्तर मला येते. चौकटी रिकाम्या ठेवल्या आहेत, त्यामुळे उभा ६ अडला आहे. तेवढे उत्तर कळवावे.