ट्रंकेखालचा फासा

परभणी, रविवार

प्रिय दोस्ता,

घर रंगवायला काढलंय, म्हणून माळा उपसला. तिथं तुझ्या अक्षरातला कागद निघाला: 'बुटका. ताकद 15, नशीब 9.' खाली दोन रेघा मारून, 'धुरातून वाचला!' लेका, तीस वर्षं झाली याला.

'टनेल्स अँड ट्रोल्स': एकानं भुयार मांडून खेळवायचं, दुसऱ्यानं बुटक्यासारखं एखादं पात्र होऊन फासे टाकत त्यातून जायचं. तुझ्या मामांनी पुण्याहून आणलेल्या जुन्या पुस्तकाची आपली झेरॉक्स, त्यातही निम्मी पानं उलटी शिवलेली. 1975 साली ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेनं काढलेला हा खेळ. थोरल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ला आठ, बारा, वीस बाजूंचे फासे लागायचे. ते परभणीत कुठून आणणार होतो? याला साधे सहा बाजूंचे पुरायचे. गल्लीतल्या सगळ्या लुडोंचे फासे गेले ते आपल्याच खिशात.

राक्षसाला सगळ्यासाठी एकच आकडा. दोन्हीकडचे फासे टाकायचे, बेरजा करायच्या, ज्याची कमी त्याला फरकाएवढा मार. मंत्र मारला की मांत्रिकाची ताकदच उतरायची. 'टेक दॅट यू फीन्ड' या मंत्राचं आपण 'घे मेल्या!' केलं होतं, आणि आजी आतून विचारायची, "कोण मेलं रे?"

पण पुस्तकातलं भुयार बाजूला सारून तू देवगिरी किल्ल्यातली अंधारी, तो काळोखा भुयारी रस्ता, मांडलीस, तिथं मी तुला मानलं. सहलीत पाहिलेल्या त्याच वळणाच्या पायऱ्या, वटवाघळांचा वास, वरच्या तोंडाशी जाळ करून धूर कोंडणारे पहारेकरी. लाईट गेलेली, कंदील मिणमिणता, मे महिन्याचा उकाडा. तू हळूच म्हणालास, "धूर येतोय." मी खरंच खोकलो होतो, राव.

मग नशिबाची परीक्षा, दुसऱ्या पातळीची. त्या पातळीचे 25, त्यातून बुटक्याचं नशीब 9 वजा, म्हणजे फाशांवर 16 हवे. दोन फाशांत 12च्या वर जाणार कसं? जोड, म्हणजे दोन्हीवर सारखा आकडा, पडली तरच पुन्हा टाकून बेरीज वाढवायला मिळणार. एक पाच पडला. दुसरा फासा ट्रंकेखाली गेला. मी हात घालून काढला आणि म्हणालो, "पाच!" पुढच्या खेपेला चार आणि दोन. बरोब्बर सोळा. तू उडी मारलीस, कंदील सांडता सांडता राहिला.

ट्रंकेखाली दोन होता.

कागद सोबत पाठवतोय. खेळवणारा तू होतास, तेव्हा त्या दोन रेघांचं काय करायचं ते तूच बघ. दिवाळीला येशील तेव्हा मात्र नवा बुटका करू; माळ्यावर सहा फासे निघालेत, त्यातला एक शेजारच्या काकूंचा.

तुझाच,
बुटका