अल्बम येईल रे, पण आधी हे वाच

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. आपला लाडका रॉक बँड टूल, त्याचा नवा अल्बम येत नाही म्हणून तू चिडलायस. "हे लोक आपल्याला गृहीत धरतायत, मी आता टूलचा नाद सोडला" असं तू लिहिलंयस, आणि तेही तू, ज्याने २०१९ च्या आधी कुठल्यातरी कॉन्सर्टमध्ये मोबाईलवर शूट केलेला तो गढूळ आवाजातला तुकडा ऐकून मला सांगितलं होतंस की अरे ही गाण्याची सुरुवात नाहीये, हा मधला भाग आहे, याच्या आधी अजून बरंच काहीतरी आहे. पुढे ते त्यांचं डिसेंडिंग हे गाणं निघालं आणि तू म्हणालास तसंच निघालं. इतकं कान देऊन ऐकणारा माणूस नाद सोडला म्हणतोय तर त्याला नुसता अंगठा पाठवून गप्प बसणं मला जमणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र, सावकाश वाच.

आधी तुझ्या रागाचं मूळ बघू. तू म्हणतोस फिअर इनॉक्युलम या २०१९ च्या अल्बमनंतर इतका काळ गेला आणि अजून धड एक तारीख नाही. बरोबर आहे. पण या बँडचा हिशोब बघ ना, अंडरटो १९९३, ऐनिमा १९९६, लॅटरॅलस २००१, टेन थाउजंड डेज २००६, आणि मग एकदम २०१९. म्हणजे घाई हा प्रकार यांच्याकडे कधी नव्हताच, आणि शेवटच्या त्या १३ वर्षांत आपण काय काय थिअरी ऐकल्या आठव, बँड फुटलाय, गायक मेनार्डला गायचंच नाहीये, अल्बम तयार आहे पण मुद्दाम दाबून ठेवलाय, वगैरे वगैरे. आणि खरं कारण काय होतं? बरीचशी कोर्टकचेरी! २००७ मध्ये एका जुन्या ओळखीच्या माणसाने आर्टवर्कच्या श्रेयावरून दावा ठोकला, मग ज्या इन्शुरन्स कंपनीने बँडची बाजू सांभाळायची तीच बँडच्या विरोधात उभी राहिली, मग उलट दावा, आणि ते प्रकरण मिटायला २०१५ उजाडलं. गिटारिस्ट अॅडम जोन्सने मुलाखतीत सांगितलं होतं की यातच सगळा जीव जातोय. तू कल्पना कर, सकाळी वकिलाबरोबर मीटिंग आणि दुपारी येऊन तू रिफ (गिटारची छोटी धून) वाजव, काय सुचणार आहे त्या माणसाला.

आणि यांची काम करायची पद्धतच अशी आहे की त्यात वेळ जाणारच. अॅडम, जस्टिन (बेस) आणि डॅनी (ड्रम) हे तिघं आधी संगीत बांधतात, एकच रिफ कितीतरी प्रकारे वाजवून बघतात, मोडतात, परत जोडतात, आणि सगळा सांगाडा उभा राहिल्यावर मग मेनार्डकडे जातं आणि तो त्यावर शब्द आणि चाल बसवतो. म्हणजे तिघांचं एकमत होईपर्यंत चौथ्याचं काम धड सुरूच होत नाही. लोक उठसूट मेनार्डला धरतात, "हा तिकडे अॅरिझोनात द्राक्षं लावत बसलाय", पण कित्येकदा तोच बिचारा वाट बघत असतो रे. मला हे फार लागतं, म्हणजे वाइन करणं हा त्याचा मनापासूनचा उद्योग आहे, त्याच्या मळ्याच्या फोटोखाली जाऊन "अल्बम कुठाय" लिहिणारे लोक बघितले की मला त्यांची लाज वाटते, आणि तू तसं कधी केलं नाहीस म्हणूनच तुझा मेसेज बघून दचकलो.

आता एक गोष्ट मी तुझ्या बाजूने कबूल करतो, आपल्याला संशयी या बँडनेच बनवलंय. २००१ च्या जानेवारीत यांनी नव्या अल्बमचं नाव जाहीर केलं होतं, सिस्टेमा एन्सेफाल, वर १२ गाण्यांची यादीसुद्धा दिली, आणि महिन्याभरात सांगितलं की ते सगळं खोटं होतं, नॅप्स्टरवर फुकट गाणी वाटणाऱ्यांना चकवायला केलेलं. खरा अल्बम निघाला लॅटरॅलस. ज्या बँडने ट्रॅकलिस्टच बनावट दिली त्या बँडच्या पुढच्या कुठल्याही बातमीवर फॅन डोळे झाकून विश्वास ठेवेल का? नाही ठेवणार. त्यामुळे आज डॅनीने ड्रमकिटचा फोटो टाकला तर लोक त्यातल्या माईकची पोझिशन बघून ठरवतात की रेकॉर्डिंग चालू आहे की नुसती साफसफाई, हे आपोआप झालेलं नाहीये, ही सवय त्यांनीच लावलीय.

पण मला ही सवय वाईट वाटत नाही, आणि तुला पटवून द्यायचंय ते नेमकं हेच. आपण जे तर्क लढवत बसतो ना, त्यातले निम्मे तारखेबद्दलचे असतात आणि निम्मे गाण्यांबद्दलचे. तारखेबद्दलच्यांनी डोकं फिरतं आणि गाण्यांबद्दलच्यांनी कान तयार होतात. तुझं डोकं फिरलंय कारण तू हल्ली फक्त पहिल्या प्रकारचं वाचतोयस.

आठवतंय का तुला, आपण तो टेन थाउजंड डेजवाला प्रयोग केला होता? फॅन लोकांनी शोधून काढलेलं, विंग्ज फॉर मरी हा पहिला भाग आहे ६ मिनिटं ११ सेकंद, आणि शेवटचा तो विजिंटी ट्रेस नावाचा नुसत्या आवाजांचा ट्रॅक ५ मिनिटं २ सेकंद, बेरीज ११:१३, आणि टेन थाउजंड डेज हे गाणंही तेवढंच. मग एका प्लेयरवर ते दोन एकामागोमाग आणि दुसऱ्यावर हे एक, असं दोन्ही एका क्षणी चालू करायचं. सुरुवातीला आपलं टायमिंग जुळेना, एक बटण जरा आधी दाबलं जायचं आणि सगळा चिखल व्हायचा, मग तू तोंडाने मोजून "आता" म्हणालास आणि बसलं. आधी पावसाचा आणि गडगडाटाचा आवाज, त्याच्याखालून पहिल्या भागातली ती हळू गिटार, आणि मग पुढे जिथे दुसरं गाणं चढत जातं तिथे खालून विजिंटी ट्रेसचा तो घशातला घोगरा श्वास सरकत येतो. मेनार्डच्या आईला पक्षाघात झाला आणि त्यानंतर ती जवळपास २७ वर्षं तशीच जगली, म्हणजे साधारण दहा हजार दिवस, हे माहीत असताना तो श्वास ऐकणं म्हणजे, काय सांगू, आपण दोघं नंतर बराच वेळ बोललोच नाही. बँडने हे मुद्दाम केलं की योगायोग आहे हे मला आजही ठरवायचं नाहीये. पण कुणीतरी रिकामा वेळ होता, नवा अल्बम येत नव्हता, म्हणून जुन्याची मिनिटं मोजत बसलं, आणि त्यामुळे आपल्याला ते गाणं दुसऱ्यांदा नव्याने मिळालं. अल्बम दर दोन वर्षांनी आला असता तर एवढं खोल कुणी गेलं असतं का?

लॅटरॅलसचंही तेच. ओळीतल्या सिलॅबल्स मोजल्या तर १, १, २, ३, ५, ८ अशी फिबोनाचीची मालिका निघते (प्रत्येक आकडा आधीच्या दोनांची बेरीज), हे आता सगळ्यांना पाठ आहे, पण ते आधी कुणीतरी बोटं मोडत मोजलेलंच होतं ना. आणि कोरसचा ताल ९, ८, ७ असा जातो, आणि ९८७ हा आकडाही त्याच मालिकेत बसतो, हे कळल्यावर तू मला फोन करून किंचाळला होतास. तो माणूस कुठे गेला?

बरं, आता तुझ्या त्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो, "रेकॉर्डिंग झालंय म्हणतात मग सहा महिने काय करतात". अरे रेकॉर्डिंग संपलं म्हणजे अल्बम संपला असं नसतं. मिक्सिंग, मग मास्टरिंग, आणि व्हायनल (ग्रामोफोनची तबकडी) काढायचं असेल तर खरी रांग तिथे. मास्टरवरून लॅकरचा लेप दिलेल्या तबकडीवर खाच कोरली जाते, त्यावरून धातूचे साचे बनतात, मग टेस्ट प्रेसिंग (नमुन्याची तबकडी) येतं, ते बँड ऐकतो, कुठे करकर असेल तर परत पहिल्यापासून. आणि त्या लॅकरच्या तबकड्या बनवणारे कारखाने जगात होतेच मुळात दोन, एक जपानमध्ये आणि एक कॅलिफोर्नियात बॅनिंगला, त्यातला बॅनिंगचा अपोलो मास्टर्स ६ फेब्रुवारी २०२० ला आगीत खाक झाला (माणसं वाचली सगळी). त्यात पुढे कोविड, आणि व्हायनलची मागणी तर वाढतच चाललेली, त्यामुळे प्रेसिंगवाल्यांकडे कित्येक महिन्यांचं वेटिंग लागलं. आता कुठलाही मोठा बँड व्हायनल, सीडी आणि स्ट्रीमिंग एकाच दिवशी आणायचं म्हणतो, म्हणजे गाणी हातात असूनही तारीख कारखान्याच्या हातात. आणि टूलची पॅकिंगची हौस तुला माहितीये, फिअर इनॉक्युलमच्या सीडीच्या डब्यात ४ इंची स्क्रीन, स्पीकर आणि चार्जिंगची केबल होती. असल्या वस्तू आठवड्यात बनून येतात का?

म्हणून मी आता नेटवरच्या दुकानातली ३१ डिसेंबरची तारीख बघून उड्या मारत नाही, ती सिस्टिममध्ये काहीतरी भरायलाच लागतं म्हणून भरलेली असते. शुक्रवार असेल तरच जरा मान वर करतो, कारण २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम साधारणपणे शुक्रवारीच येतात. आणि खरी खूण कशी असते माहितीये? २०१९ च्या मे महिन्यात कॉन्सर्ट चालू असताना स्क्रीनवर नुसतं "३० ऑगस्ट" आलं. बस्स. १३ वर्षांच्या सगळ्या थिअरी एका ओळीत संपल्या. मग २ ऑगस्टला जुने सगळे अल्बम पहिल्यांदाच स्ट्रीमिंगवर आले, पाठोपाठ टायटल ट्रॅक आला, आणि दहा मिनिटांहून मोठं असूनही ते गाणं बिलबोर्ड हॉट १०० मध्ये शिरलं, तोपर्यंत एवढं लांब गाणं त्या यादीत कधी आलंच नव्हतं. अल्बम पहिल्या नंबरवर. एवढी वर्षं थांबलेले लोक कुठेही गेले नव्हते रे, सगळे तिथेच होते.

तुला वाटत असेल मी टूलची वकिली करतोय, तर क्युअर या ब्रिटिश बँडचं बघ. २००८ च्या अल्बमनंतर त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ दर थोड्या दिवसांनी म्हणायचा की झालं, आता येतोच, आणि यायचं नाही काही. लोक चिडले, थट्टा झाली. मग २०२२ च्या टूरमध्ये नवी गाणी थेट स्टेजवर वाजायला लागली, आणि २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉलीतल्या ज्या पबमध्ये ते सुरुवातीला वाजवायचे तिथे एक पोस्टर लागलं, त्यावर रोमन आकड्यांत १ नोव्हेंबर २०२४. फॅन लोकांनीच ते हेरलं आणि वाचलं. १६ वर्षांनी आलेला तो अल्बम तू ऐकलायस, आणि त्यात घाईने आटोपलेलं एक मिनिट मला दाखव. मरण, भाऊ गेल्याचं दुःख, म्हातारपण, हे सगळं २०१० मध्ये लिहिता आलं असतं का त्याला? मला नाही वाटत.

उलट उदाहरणही आहे, मान्य. गन्स अँड रोझेसचा चायनीज डेमोक्रसी, १९९३ नंतर थेट २००८, गिटारिस्ट आले आणि गेले, खर्चाचे आकडे छापून आले, एका कोल्ड्रिंकवाल्या कंपनीने तर यंदा आला तर अख्ख्या अमेरिकेला फुकट कॅन देऊ असं जाहीर केलं आणि त्यांचा गायक अॅक्सलने खरंच त्या वर्षी काढला. मला तो अल्बम थकलेला वाटतो, इतक्या वेळा पुसून परत रंगवलेली भिंत असते तसा. उशीर झाला म्हणजे चांगलंच होतं असं मी म्हणतच नाहीये. मी एवढंच म्हणतोय की उशीर म्हणजे आपला अपमान नाही. मेटॅलिकाचा गिटारिस्ट कर्क हॅमेट याचा फोन हरवला तेव्हा त्यात अडीचशेच्या आसपास रिफ होत्या आणि बॅकअप नव्हता, त्यात फॅनला गृहीत धरण्याचा काय संबंध? नव्वद टक्के कारणं ही असलीच असतात, कोर्ट, कारखाना, हरवलेला फोन, चौघांपैकी एकाला अजून पटत नाहीये. ती आपल्याला बाहेरून दिसत नाहीत आणि मग रिकाम्या जागेत आपण राग भरतो.

तू नाद सोड म्हटलं तर मी थांबवणारा कोण. पण मला तर्क लढवायला दुसरं कुणी नकोय यार. नेमाने बातम्या वाचणारे खूप आहेत, पण मोबाईलमधल्या फाटक्या आवाजातून गाण्याचा कुठला भाग हे सांगणारा तूच आहेस.

तर आता कामाचं. एक, तारखांवाले ते सगळे चॅनल म्यूट कर, मी बघतो ते, खरं काही आलं तर मीच कळवेन. दोन, तू डिसेंडिंग आणि न्यूमाच्या बेसबद्दल काहीतरी लिहिणार होतास, दोन्हींचा धागा एक आहे असं तुझं म्हणणं होतं आणि ते तू अर्धवट सोडलंस, ते पूर्ण करून पाठव, मला त्यात न्यूमाबद्दल शंका आहे आणि भांडायचंय. आणि तीन, अल्बमच्या आधी लीक आलं तर ऐकायचं नाही, कितीही चांगल्या क्वालिटीचं असो. मागच्या वेळी आपण ठरवलं होतं तसंच, तारखेच्या रात्री दोघांनी आपापल्या जागी हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये पॉज नाही, मेसेज नाही, आणि संपल्यावर पहिला फोन तू करायचास कारण मागच्या वेळी मी केला होता.

उत्तर दे, आणि व्हॉइस नोट नको, लिहून.

तुझाच
दोस्त