दोन्हीकडे वाहणारं पाणी

पकिप्सी, न्यू यॉर्क राज्य

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र आबांना मोठ्यानं वाचून दाखव.

आबा, माझ्या खोलीपासून हडसन नदी दहा मिनिटांवर आहे. काल संध्याकाळी धक्क्यावर बसले होते. एक ओला ओंडका पाण्यावरून चालला होता. समुद्र दक्षिणेला, आणि ओंडका निघालेला उत्तरेला! ठाण्याला चेंदणीच्या बंदरावर तुम्ही पाण्यात काडी टाकायचात आणि म्हणायचात, "चढायला लागलं बघ." तेच आठवलं. समुद्र इथून जवळजवळ सव्वाशे किलोमीटर लांब, तरी भरतीला तीनेक फूट पाणी चढतं. पार उत्तरेला ट्रॉय गावच्या बंधाऱ्यापर्यंत भरती जाते. इथल्या मूळ महिकन लोकांनी नदीचं नावच ठेवलं होतं, 'दोन्हीकडे वाहणारं पाणी'. आपल्या खाडीलाही शोभेल.

पूर्वी इथे शिडाची गलबतं चालायची. वारा पडला आणि सुकती लागली की नांगर टाकायचा, भरती आली की निघायचं. न्यू यॉर्क ते ऑल्बनी, 240 किलोमीटर, कधी किती दिवस लागतील याचा नेम नसे. 1807 साली रॉबर्ट फुल्टनची वाफेची बोट तेवढंच अंतर 32 तासांत गेली. नंतर 'मेरी पॉवेल' नावाची बोट आली, 1861 साली. ती इतकी वेळेवर यायची म्हणे, की काठावरची माणसं तिला बघून घड्याळ लावत. हिवाळ्यात मात्र नदी गोठायची आणि बोटी अडकून पडायच्या.

म्हणून तर आगगाडी आली. 1851 मध्ये पूर्व काठानं ऑल्बनीच्या समोरपर्यंत रूळ पोचले. ते डोंगर टाळून अगदी पाण्याला चिकटून टाकलेत. लहान लहान आखातं आडवा भराव घालून तोडली. त्या भरावांच्या आतल्या बाजूला आता गाळ साचून पाणथळ झालीय, लव्हाळी वाढलीय. गाडीच्या खिडकीतून ती दिसली की मला मुंब्र्याकडे जाताना दिसणारी आपली खारफुटी आठवते.

आणि आबा, ते 1851, आपलं 16 एप्रिल 1853! फक्त दोन वर्षांचा फरक. बोरीबंदर ते ठाणे 34 किलोमीटर, 14 डबे, 400 पाहुणे, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. शाळेत पाठ केलं होतं. पण पुढच्याच वर्षी गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली, हे कोणी एवढ्या कौतुकानं सांगत नाही. मला तेच मोठं वाटतं. पाण्याला विचारल्याशिवाय माणसं त्या दिवशी पहिल्यांदा पलीकडे गेली.

इथे 1889 चा एक रेल्वेपूल आहे, पाण्यापासून 212 फूट उंच. 1974 मध्ये त्याला आग लागली, गाड्या बंद झाल्या. तो पाडला नाही. 2009 पासून लोक त्यावरून चालतात, दोन किलोमीटर. मी दर रविवारी जाते. वरून पाण्याचे पट्टे दिसतात, मध्ये एका रंगाचे, काठाला दुसऱ्या. पाणी कुठे आधी वळतं ते तुम्ही होडीतून नुसतं बघून सांगायचात. मला वरून इतकं स्पष्ट दिसतं, तरी सांगता येत नाही.

इथे जुन्या बोटींच्या वेळा, भाडी, तांडेलांच्या वह्या नीट जपून ठेवल्यात. ते पाहिलं आणि पोटात कालवलं. तुम्ही इतकी वर्षं लोकांना पलीकडे सोडलंत. उधाणाला होडी कुठून काढायची, भांगेच्या कमी भरतीला ती कुठे चिखलात रुतते, कुठल्या गावच्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन पहिल्या खेपेला यायच्या, यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे माझ्या लक्षात आहे. चौथीला तीन वाजता. पण ठाण्यापर्यंत पाणी पोचायला त्यात किती मिळवायचं ते विसरले. इथल्या धक्क्यासाठी मी माझा हिशोब बसवतेय, रोज वहीत वेळ लिहिते.

आई, शंभर पानी वही आण. दुपारी आबांचा चहा झाला की रोज एक पान लिही. ते म्हणतील तसंच लिही, शुद्ध करू नकोस. पहिल्या पानावर ते मिळवायचं किती, तेवढं लिहून मला फोटो पाठव.

तुमची नात