रोबो कुणी हातात दिला ते बघ

प्रिय ओंक्या,

काल तू मेसेज टाकलास की रूममेटला रोबोवाल्या सिरीज बघायच्यात, कुठून सुरू करू, एका ओळीत सांग. एका ओळीत कसं सांगू रे, मी टाईप करत गेले, डिलीट करत गेले, शेवटी म्हटलं पत्रच लिहूया. तसंही इव्हँजेलियनमधल्या गेंडो इकारीने पोराला, शिंजीला, पाठवलेल्या पत्रात एकच शब्द होता, "ये", आणि त्याचं पुढे काय झालं ते आपण दोघांनी सव्वीस एपिसोड बसून बघितलंय, तेव्हा आईचं पत्र लांब आहे म्हणून कुरकुर करायची नाही.

पहिली गोष्ट, त्या बिचाऱ्याला डायरेक्ट इव्हँजेलियन दाखवू नकोस. मला माहितीये तुला ते सगळ्यात भारी वाटतं आणि बाकीचं सगळं म्हणजे खेळण्यांच्या जाहिराती. पण शिंजी जेव्हा म्हणतो मी नाही बसणार ह्यात, तेव्हा ते लागायला आधी वीसेक वर्षं पोरं उड्या मारत कॉकपिटमध्ये बसलेली बघावी लागतात. १९९५ला इव्हँजेलियनच्या दिग्दर्शकाने, आन्नोने, जे केलं ते आधीच्या सगळ्यांना दिलेलं उत्तर आहे, प्रश्नच माहीत नसेल तर उत्तर काय कळणार. इव्हाच्या, म्हणजे शिंजीच्या रोबोच्या, पाठीतली वायर सुटली की पाच मिनिटांत बंद, तुझ्या लॅपटॉपसारखं, ही गंमतसुद्धा कधीच न थकणारे जुने रोबो बघितले असतील तरच कळते.

मला स्वतःला हे वेड ॲनिमेमुळे, म्हणजे जपानी कार्टूनमुळे, लागलेलं नाही, दूरदर्शनमुळे लागलं. ऐंशीच्या दशकात जायंट रोबो लागायचं, खरी माणसं आणि रबरी सूटवाले राक्षस, मूळ १९६७ची जपानी मालिका, इंग्रजी डबिंग. आम्हाला सांगलीत त्यातलं अर्धंअधिक इंग्रजी कळायचं नाही, पण जॉनी नावाचं पोरगं घड्याळात तोंड घालून हुकूम सोडतं आणि ते एवढं धूड हलतं एवढं कळलं की बास. गल्लीतल्या पोरापोरींनी मनगटावर बॉलपेनने घड्याळं काढलेली, माझी आजी म्हणायची शाई रक्तात जाते. शेवटच्या एपिसोडला रोबो पहिल्यांदाच जॉनीचं ऐकत नाही, व्हिलनला उचलून आकाशात घेऊन जातो तो जातोच, आणि पोरगं खालून ओरडत राहतं. आम्ही सगळी जोशीकाकूंच्या घरी खाली सतरंजीवर बसून रडलो होतो आणि काकू म्हणाल्या, अगं पत्र्याचा डबा तो.

तर ह्याच जायंट रोबोची मूळ मंगा (जपानी कॉमिक) काढणाऱ्या मित्सुतेरू योकोयामाने त्याआधी १९५६ला तेत्सुजिन २८ काढलेलं, त्यातही पोराच्या हातात रिमोट. रोबोच्या आत बसायची आयडिया आली १९७२च्या माझिंगर झेडमध्ये. ते काढणारा गो नागाई ट्रॅफिकमध्ये अडकलेला आणि त्याच्या मनात आलं की ह्या गाडीला हातपाय फुटले आणि सगळ्यांच्या टपावरून चालत गेलो तर! (सिंहगड रोडवर रोज संध्याकाळी माझ्याही मनात हेच येतं, मी फक्त सिरीज काढली नाही.) आता बघ हं, त्यातल्या हिरोला, कोजीला, तो रोबो देतं कोण? आजोबा. मरता मरता त्या शाळकरी पोराला सांगतात की ह्याच्या जोरावर तू देव होऊ शकतोस नाहीतर सैतान, आणि डोळे मिटतात. अहो, निदान ब्रेक कुठे आहे ते तरी सांगून जा.

आणि इथेच मला तुला खरं जे सांगायचंय ते आहे. तू झाल्यावर मी ह्या सगळ्या सिरीज परत बघितल्या, तू झोपलास की आवाज बारीक करून, आणि मला कॉकपिटमधलं पोरगं दिसायचं बंदच झालं. दिसायला लागली त्याला तिथे बसवणारी मोठी माणसं. एकदा ते दिसलं की सगळीकडे तेच दिसतं. बाप, आजोबा, आई, कुणीतरी काहीतरी प्रचंड बनवून ठेवलेलं असतं, त्याचं नीट कारण सांगितलेलं नसतं, आणि मग ते पोराच्या गळ्यात येतं. व्होल्टेस फाइव्ह ही सिरीज घे, अख्खी गोष्ट बाप शोधण्याची. फिलिपिन्समध्ये पोरं त्याच्यामागे इतकी वेडी झालेली आणि १९७९ला तिथल्या हुकूमशहाने, मार्कोसने, शेवटचे काही एपिसोड राहिले असताना बंदी घातली, म्हणजे त्या पोरांना बाप सापडला की नाही तेच बरीच वर्षं कळलं नाही. मला हे वाचून त्या हुकूमशहाचा बाकी कशाहीपेक्षा जास्त राग आलेला, जरा अतीच आहे, पण आला.

आता गंडम. इथूनच सुरू करा, १९७९चं पहिलं. रूममेट म्हणेल ॲनिमेशन जुनं आहे, म्हणू दे. तू खेळण्यांच्या जाहिराती म्हणतोस ना, तर हो, क्लोव्हर नावाची खेळण्यांची कंपनी पैसे लावत होती, म्हणून तर गंडम हा रोबो लढाईचं मशीन असूनही लाल निळं पिवळं. रेटिंग आलं नाही, खेळणी खपेनात, ५२ एपिसोडचं ठरलेलं ते ४३वर गुंडाळायला लावलं. पण खेळणं दिसतंय ना दर आठवड्याला, मग बाकी काय दाखवायचं ते दाखव, ह्या मोकळेपणात दिग्दर्शक तोमिनोने काय दाखवलं, तर युद्धात अडकलेली, पुरेशी न झोपलेली, एकमेकांवर चिडणारी पोरं. ब्राइट जहाजाचा कॅप्टन आहे तो १९ वर्षांचा आहे ओंक्या. तुझ्याकडून मेसचं कार्ड दोनदा हरवलंय. मग १९८०च्या जुलैत बंदाईने ३०० येनचं प्लास्टिक किट काढलं, रीरन लागले, आणि जे बंद पाडलं होतं ते आजपर्यंत चालू आहे.

त्यातला आमुरो, १५ वर्षांचा, मॅन्युअल हातात धरून वाचत वाचत गंडम चालवतो. तो गंडम बनवण्यात त्याचा बाप होता, तेम रे. घरी पोरगं जेवलं का झोपलं ह्याच्याशी त्याचा फार संबंध नाही. आणि पोराने पहिल्याच लढाईत पाडलेल्या झाकूचा, म्हणजे शत्रूच्या रोबोचा, स्फोट होऊन ते राहतात त्या अवकाशातल्या कॉलनीला भोक पडतं, त्यातून बापच बाहेर अवकाशात ओढला जातो. खूप पुढे साइड सिक्स नावाच्या दुसऱ्या अवकाश-वस्तीत तो आमुरोला भेटतो, ऑक्सिजन कमी पडून डोक्यावर परिणाम झालेला, आणि एक पार्ट काढून देतो, हा लाव गंडमला, जोर कैक पटीने वाढेल. पार्ट कधीच आउटडेटेड झालेला. आमुरोला एका नजरेत कळतं. तो घेतो आणि नंतर रस्त्यावर फेकून देतो. पूर्वी मला तिथे आमुरोचं वाईट वाटायचं, आता मला तो पार्ट किती मन लावून बनवला असेल तेच दिसत राहतं. तुझे बाबा तुला दर फोनला पोस्टातल्या आरडीचं सांगतात ना, ऐकून घेत जा जरा.

पण माझा एपिसोड तेरावा. आमुरो पृथ्वीवर आईला भेटायला जातो. आई, कामारिया, इथेच मागे राहिलेली, नवरा पोराला घेऊन अवकाशात गेला तरी ही गेली नाही. ती निर्वासितांच्या छावणीत काम करतेय. शत्रूचे, म्हणजे झिऑनचे, सैनिक झडतीला येतात, पोरगं पेशंट म्हणून पांघरुणाखाली लपतं आणि आतूनच गोळी झाडतं. आणि आई काय म्हणते, तर त्या माणसालाही पोरंबाळं असतील रे. पोराला वाटतं आईला माझं काहीच नाही. दोघं बरोबर आहेत आणि हीच तर पंचाईत आहे. नेटवर लोक कामारियाला फार शिव्या घालतात, पोराला एकटं सोडलं, वर उपदेश करते वगैरे. मला नाही पटत. तिने मनात जपलेला पोरगा पाच-सात वर्षांचा होता आणि समोर उभा राहिला तो बंदूकवाला, दहा मिनिटांत तिने काय बोलायला हवं होतं ते त्या शिव्या घालणाऱ्यांनी मला सांगावं. तो शेवटी तिला कडक सॅल्यूट मारून निघून जातो. मिठी नाही, सॅल्यूट.

मर्क्युरीची विच ही गंडमचीच नवी सिरीज आपण २०२२-२३ला एकत्र बघितली तेव्हा तू मला म्हणालेलास, आई तू इतकी का चिडतेयस प्रॉस्पेरावर, त्यातल्या पोरीच्या आईवर. चिडणार नाही तर काय. सगळ्यांना बाप वाईट दाखवायची सवय, इथे आईची पाळी आली, आणि ती ओरडत नाही, मारत नाही, गोड बोलते. पळालीस तर एक मिळेल, पुढे गेलीस तर दोन. पोरगी तेच वाक्य घाबरल्यावर स्वतःशी पुटपुटते, किती गोड वाटतं आधी. आणि पहिल्या सीझनच्या शेवटी त्याच वाक्याच्या जोरावर ती पोरगी एरियलच्या, म्हणजे तिच्या रोबोच्या, हाताने माणूस चिरडते आणि हसत रक्ताळलेला हात मैत्रिणीपुढे धरते. मला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. हल्ली तू फोनवर मित्रांना "आधी खाऊन घे मग बोलू" म्हणतोस, हे माझं वाक्य आहे, निरुपद्रवी आहे म्हणून ठीक.

जायंट रोबोची नंतर ॲनिमे आली, १९९२ ते ९८, सातच भाग पण काढायला सहा वर्षं, ते तुम्ही सुट्टीत बघा, परीक्षेच्या तोंडावर नको. तिथे जॉनीचा मूळ अवतार दाइसाकू, रोबो त्याच्या बापानेच बनवलेला. आणि दुसऱ्या बाजूला एक मुलगा आहे, बापाने मरताना जे सांगितलं त्याचा त्याने भलताच अर्थ लावलेला, आणि त्यापायी सगळं जग पणाला. बाप लोकांनी जरा स्पष्ट बोलून जायला काय होतं कळत नाही. संगीत मात्र असं आहे की हेडफोन नको, स्पीकर लाव.

बाकी पटापट. ह्या सगळ्यातून दम लागला की पॅटलेबर, १९८८चं, पोलिसांकडे रोबो आहेत पण दिवसभर कागदपत्रं, मेंटेनन्स आणि जेवण कुठून मागवायचं ह्याचीच चर्चा, ऑफिसात बसणाऱ्या माणसासाठी ह्याहून खरी रोबोवाली सिरीज नाही. रूममेट फारच कंटाळला तर गुरेन लगान लाव, २७ एपिसोड, आरडाओरडा भरपूर, तिथे लॉजिक विचारायचं नाही. इव्हा सगळ्यात शेवटी, मग २०२१चा शेवटचा पिक्चर, त्यात गेंडोला अखेर तोंड उघडावं लागतं, इतकी वर्षं काढली तेवढ्यासाठी.

जपानात योकोहामाला उभा केलेला खराखुरा हलणारा गंडम २०२४च्या मार्चमध्ये बंद झाला आणि तुझ्या बाबांना त्याचं अजिबात दुःख नाही कारण त्यांचं म्हणणं तिकडे जायचं टळलं, एफडी वाचली. तेव्हा तोक्योत ओदाइबाला युनिकॉर्न नावाचा दुसरा गंडम उभाच होता, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

मावसभाऊ तिकडे येतोय त्याच्यासोबत तुझं अर्धं राहिलेलं झाकूचं किट पाठवतेय, निपर आणि सँडपेपरसकट, डाव्या पायाचे पार्ट वेगळ्या पिशवीत आहेत ते आधी बघून घे. आणि तेरावा एपिसोड झाला की फोन कर, रूममेटला स्पीकरवर घे, त्याला कामारियाबद्दल काय वाटतं ते ऐकायचंय मला. रविवारी सकाळी नको, मावशी येणारे, तिच्यासमोर मोकळेपणी भांडता येत नाही.

तुझी,
आई