आपण ऐकायचो ते तेव्हाच जुनं होतं

प्रिय मित्रा,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. फोनवर तुझ्या तोंडून चार शब्द निघत नाहीत आणि कागद समोर आला की तू थांबत नाहीस, ही तुझी जुनी खोड. सगळं आवडीनं वाचलं, पण एक वाक्य डाचलं. 'आपल्या वेळेनंतर रॉक संपलं, आता नुसता कलकलाट उरलाय.' लेका, अगदी हेच तुझे वडील आपल्या खोलीचं दार बंद करता करता म्हणायचे. तेव्हा कलकलाट करणारे आपण होतो, एवढाच फरक. म्हणून आज भांडायलाच बसलोय.

आधी सांग, 'आपली वेळ' म्हणजे नक्की कोणती? आपण कॉलेजात होतो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. ज्यांच्यासाठी जीव टाकायचो त्यांची यादी काढ. गिटारवाला हेंड्रिक्स 1970 मध्ये गेला, सत्तावीस वर्षांचा होऊन. 'द हू' बँडचा ड्रमर कीथ मून 1978 मध्ये. लेड झेपेलिनचा ड्रमर बॉनहॅम 1980 च्या सप्टेंबरमध्ये गेला आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्या बँडनं दुकान बंद केलं. 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ, म्हणजे गिटारवर सारखा फिरून येणारा तो तुकडा, तू पहिल्यांदा वाजवलीस तेव्हा जणू ती त्याच आठवड्यात जन्मली असावी अशा थाटात आम्हाला ऐकवलीस. डीप पर्पल बँडनं ती रेकॉर्ड केली होती 1971 च्या डिसेंबरात, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात, समोरचा कसिनो जळालेला डोळ्यांनी पाहून. तेव्हा तुला मला बुटाची नाडीही धड बांधता येत नव्हती.

म्हणजे आपण ऐकायला लागलो तेव्हाच ते जुनं होतं. उशिरा पोचलो या हळहळीतच आपलं तारुण्य गेलं. पोस्टरवरचे निम्मे लोक मेलेले, उरलेल्यांपैकी निम्मे एकमेकांवर खटले भरण्यात गुंतलेले. मला तर आता वाटतं, की आपल्याला हुरहुर लावायला वय लागलंच नव्हतं. ती सवय अठराव्या वर्षीच जडली होती. दुसऱ्याच्या तारुण्यासाठी झुरत होतो, आता स्वतःच्या तारुण्यासाठी झुरतो. कॅसेट तीच, बाजू उलटली.

आणि 'तेव्हा सगळंच कसं भारी होतं' हे तर सोडूनच दे. 1969 साल घे. ते आपल्याला देवळासारखं वाटायचं. वुडस्टॉकचा संगीत महोत्सव त्या वर्षातला, झेपेलिनचे पहिले दोन्ही अल्बम त्या वर्षातले, बीटल्सचा 'ॲबी रोड' त्या वर्षातला. बिलबोर्ड नियतकालिकाच्या यादीत अमेरिकेतलं त्या वर्षाचं पहिल्या क्रमांकाचं गाणं कोणतं होतं माहीत आहे? 'शुगर, शुगर'. गाणारा बँड आर्चीज, म्हणजे कार्टूनमधली पात्रं! गाळ तेव्हाही भरपूर होता. तो कुणी जपून ठेवला नाही, म्हणून आपल्यापर्यंत आला नाही. आजचा गाळ मात्र रोज आपल्या कानांवर आदळतो, कारण त्याला अजून चाळणी लागायची आहे.

यावर शास्त्रवाले काय म्हणतात तेही ऐकून घे, चिडू नकोस. होलब्रुक आणि शिंडलर या दोघांनी 1989 साली एक अभ्यास छापला. वेगवेगळ्या वयांच्या लोकांना वेगवेगळ्या वर्षांतली गाणी ऐकवली आणि आवड विचारली. आवडीचा कळस आला साधारण साडेतेवीस वर्षांच्या आसपास. म्हणजे माणूस त्या वयाचा असताना जे गाजत होतं, ते त्याला जन्मभर सगळ्यात गोड लागतं. आठवणींचंही तसंच. उतारवयात माणसाला आयुष्यातलं काहीही आठवायला सांगा, दहा ते तीस या वर्षांतलं हमखास जास्त निघतं. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिल्यांदा घर सोडणं, सगळं त्याच पट्ट्यात कोंबलेलं असतं आणि गाणी त्याच्या मागे वाजत असतात. तेव्हा तुझा जो निवाडा आहे, तो संगीताबद्दल कमी आणि तुझ्या तेविसाव्या वर्षाबद्दल जास्त आहे. तुझं तेविसावं वर्ष छान गेलं होतं, मी साक्षीदार आहे. पण त्याची शिक्षा तुझ्या लेकीच्या हेडफोनला कशाला?

आता माझी बातमी. कान तपासून आलो. टीव्हीचा आवाज मी वाढवत नेतो अशी घरात तक्रार होतीच. ऑडिओग्रामचा, म्हणजे कानाच्या तपासणीचा, आलेख डावीकडे बरा चालतो आणि उजवीकडे, म्हणजे वरच्या पट्टीच्या आवाजांपाशी, कड्यावरून घसरल्यासारखा खाली येतो. तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, 'कारखान्यात होता का?' म्हटलं, 'नाही, ड्रमवर.' ती हसली. मग तिनं समजावून सांगितलं. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात. वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी बसलेल्या, त्या आधी झिजतात. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयानं त्या प्रत्येकाच्याच झिजतात, आपण फक्त घाई केली. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास चालतात म्हणे, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरपर्यंत गेलात की पाव तास. आपली एक तालीम किती वेळ चालायची, आणि तू ॲम्प्लिफायरचा कान कुठवर पिळायचास, ते तूच आठव.

त्या रात्री मुद्दाम जुन्या रेकॉर्डी लावल्या. राईड सिंबलवर, म्हणजे ड्रमसोबतच्या मोठ्या झांजेवर, काडी पडल्यावर जो बारीक लखलखाट लांबपर्यंत रेंगाळतो, तो मला आता ऐकू येत नाही. म्हणजे 'ऐकू येतो' असं वाटतं, कारण डोक्यात तो पाठ आहे. मेंदू गाळलेल्या जागा भरतो. हे लक्षात आल्यावर थोडा वेळ गप्प बसलो, खोटं का सांगू. माझ्या लाडक्या अल्बमांचा वरचा मजला मी आता आठवणीवर चालवतोय.

पण गंमत पुढेच आहे. वरचं गेलं तसं खालचं आणि मधलं दिसायला लागलं. रोलिंग स्टोन्सच्या ड्रमरचं, चार्ली वॉट्सचंच बघ. अठराव्या वर्षी मला हा माणूस म्हणजे बँकेतला कारकून वाटायचा. सोलो नाही, आदळआपट नाही, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आता रोलिंग स्टोन्स लावतो आणि त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकत नाही. स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमवर, ठोका पडायचा त्या क्षणी तो हाय-हॅटवरचा, म्हणजे जोडझांजेवरचा, हात उचलून घ्यायचा. दोन्ही एकदम वाजवायचाच नाही. त्यामुळे स्नेअरला मोकळी जागा मिळते आणि सगळं गाणं किंचित मागे रेलून चालतं. वाजवता येणाऱ्यानं न वाजवण्यात काय कसब असतं, हे कळायला मला इतकी वर्षं लागली. तो 2021 मध्ये गेला, ऐंशी वर्षांचा होऊन.

तसंच बॉनहॅमचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. आपण तेव्हा म्हणायचो की त्याचे हात दैत्याचे आहेत. हात होतेच. पण ड्रम ठेवला होता हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी आणि माइक टांगले होते वर, जिन्याच्या कठड्यावरून. आपण ऐकतो ते निम्मं त्या घराचं पोकळपण आहे. तेव्हा मला फक्त ठोके ऐकू यायचे, आता जिना ऐकू येतो.

आणि 'टाइम'. पिंक फ्लॉइड बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बममधलं. आपल्याला त्यात काय आवडायचं? सुरुवातीला एकदम वाजणारी घड्याळं! झोपलेल्या कुणाच्या तरी उशाशी ती लावायची आणि पळायचं, एवढाच त्याचा उपयोग. ती घड्याळं ध्वनिमुद्रण करणाऱ्या ॲलन पार्सन्सनं एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती, हे फार नंतर कळलं. पुढचे शब्द कानांवरून गेले होते, आत शिरले नव्हते. दिवस आपण कसे निष्काळजीपणे उधळतो आणि एक दिवस मागे वळून बघतो तर दहा वर्षं गेलेली असतात, असं काहीसं ते गाणं आहे. मला छळतं ते हे, की त्याच बँडच्या रॉजर वॉटर्सनं ते लिहिलं तेव्हा तो तिशीचाही नव्हता. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या पोराला हे कुठून कळलं? त्याला कळलं ते मला साठीच्या दारात कळावं, याचा थोडा रागच येतो. असो.

म्हाताऱ्या रॉकवाल्यांबद्दल तू लिहिलंयस की त्यांनी वेळीच थांबावं, बघवत नाही. इथे मी अर्धा तुझ्या बाजूचा. मूळचा एकच माणूस उरलाय, बाकी भाड्यानं आणलेले, आणि तिकिटावर नाव मात्र तेच, हे मलाही बघवत नाही. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नकोस. म्हातारं होण्याआधी मरण यावं असं विशीत लिहिणारा 'द हू'चा पीट टाऊनझेंड ऐंशी पार करूनही स्टेजवर उभा राहिला. त्याच्या बँडमधल्या मूनला मात्र बत्तिसाव्या वर्षी ते मरण आलं. त्या ओळीचा हट्ट कुणी पुरवला आणि कुणाला तिच्यासोबत जगावं लागलं, बघ. 2022 च्या मार्चमध्ये लंडनला जेनेसिस बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यांचा गायक आणि मूळचा ड्रमर फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला. काडी धरता येईना म्हणून ड्रमवर त्याचा मुलगा. मी ते चित्रीकरण पाहिलं ते एका ड्रमरच्या नजरेनं: आपली जागा डोळ्यांदेखत दुसऱ्यानं घेतलेली आणि तो दुसरा आपलाच पोरगा. मला ते केविलवाणं वाटलं नाही. हेवा वाटला.

ब्लॅक सॅबथ बँडच्या गायकाचं, ऑझीचं तर काय बोलू. 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममध्ये, त्याच्या स्वतःच्या गावात, सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून गायला. ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघेही बऱ्याच वर्षांनी एकत्र, ड्रमर बिल वॉर्डसुद्धा. त्यानंतर तीन आठवडेही गेले नाहीत, 22 तारखेला ऑझी गेला. वेळीच थांबायचं म्हणतोस ना, यापेक्षा वेळीच कोण थांबणार?

नवीन काही ऐकतोस का, असं तू खवचटपणे विचारलंयस. ऐकतो. डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी. नावाच्या पोरांचा 2019 मधला पहिला अल्बम 'डॉगरेल' ऐकला. चांगला आहे, रागीट आहे, ढोल कोरडा ठेवलाय ते मला फार आवडलं. पण अंगावर काटा येत नाही. डोक्याला कळतं की हे उत्तम आहे, आणि कातडी ढिम्म. हे मात्र खरंखुरं नुकसान आहे आणि त्याला आपला इलाज नाही. पूर्वी चांगलं-वाईट ठरवायच्या आधीच काटा यायचा. आता आधी मत येतं. तरी ऐकत राहतो, कारण तुझ्यासारखं 'सगळं संपलं' म्हणायचा मला कंटाळा येतो.

राहता राहिली तुझी गिटार. बोटांचे सांधे दुखतात म्हणून विकायचं म्हणतोस. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे सूरही खाली उतरवला. हेवी मेटलचा तो जड, खोल आवाज बऱ्याच अंशी त्या दुखऱ्या बोटांतून निघालाय. तेव्हा मला सांधेदुखी सांगू नकोस. सगळ्यात पातळ तारांचा संच घे आणि गिटार अर्धा सूर खाली लाव, ई ऐवजी ई फ्लॅट. तारा सैल होतील, दाबायला कमी जोर लागेल आणि गाताना वरचा सूर लागत नाही हेही कुणाला कळणार नाही. पुष्कळ जुने बँड गुपचूप हेच करतात.

मी इयरप्लग आणलेत, साधे फोमचे नाहीत, संगीतवाल्यांसाठी मिळतात ते. आवाज कमी होतो पण गढूळ होत नाही. तुझ्यासाठीही एक जोड घेतलाय. कान तपासून ये आधी, चालढकल करू नकोस. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतो. तुझ्या लेकीला विचार, बेस धरणार का, कारण आपल्या बेसवाल्यानं तर फोन उचलणंच सोडलंय. गाणं तू निवड, माझी हरकत नाही. फक्त सहा मिनिटांच्या आतलं आणि डबल किक, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा बेस ड्रम, नसलेलं. उजवा गुडघा त्याहून जास्त चालत नाही.

तुझाच,
बहिरट ड्रमर