पॉइंट सांगतात, व्याज कोण सांगणार?

संपादक साहेब, नमस्कार,

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या कोल्हापुरात मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर टेबल टाकून बसलेली पोरं क्रेडिट कार्ड घ्या म्हणून मागं लागतात, आणि सांगतात काय तर कार्डवर खर्च केला की पॉइंट मिळतात, त्याचे नंतर पैसे होतात. व्याज किती ते विचारल्याशिवाय कोण सांगत नाही. यावर तुमच्या पेपरात एकदा नीट छापून यावं म्हणून हे पत्र.

मी राजारामपुरीत हिशेबाची कामं करतो, त्यामुळं लोक स्टेटमेंट घेऊन येतात. परवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला असलेला एक पोरगा आला, त्यानं 40,000 चा मोबाईल कार्डवर घेतलेला, जुना चांगला चालत होता पण पॉइंट मिळतात म्हणून घेतला म्हणाला. त्याच्या कार्डला 100 रुपयाला 2 पॉइंट आणि एका पॉइंटचे 25 पैसे, म्हणजे झाले 800 पॉइंट, म्हणजे 200 रुपये. ते रिडीम करायला, म्हणजे वटवायला 99 रुपये चार्ज अधिक 18 टक्के जीएसटी, तिथं 117 गेले आणि उरले 83. आता पुढं बघा. बिल आल्यावर त्यानं मिनिमम ड्यूचे, म्हणजे कमीत कमी भरायलाच लागतात तेवढे 2,000 भरले आणि त्याला वाटलं या महिन्याचं भागलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे 40,000 वर चौदाशेच्या घरात, त्यावर परत जीएसटी, असे साडेसोळाशे रुपये एका महिन्यात गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. शिवाय बाकी ठेवली की बिल भरायच्या तारखेपर्यंत मिळणारी बिनव्याजी मुदत जाते, मग नंतर कार्डवर घेतलेल्या किराणा मालावर पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे त्या पोराला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

साडेतीन टक्के ऐकायला कमी वाटतं पण वर्षाचे 42 होतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 ला सांगितलेलं की 30 टक्क्यांच्या वर व्याज घेणं चुकीचं आहे, तो निकाल डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला, त्यामुळं तो आधार पण गेला.

काहीजण म्हणतील आम्ही दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, आमचं काय जातंय. व्याज जात नाही हे खरं, पण वर्षात अमुक लाख खर्च केला तर कार्डाची वर्षाची फी माफ असं असतं आणि तो आकडा गाठायला माणसं वर्षाच्या शेवटी नको त्या वस्तू घेतात, हे मी स्टेटमेंटवर डोळ्यानं बघतो. आणि पॉइंटची किंमत आपल्या हातात कुठं आहे? नियम बँक कधीही बदलते. 2024 मध्ये अनेक कार्डांवर घरभाडं भरल्यावर मिळणारे पॉइंट बंद झाले, एअरपोर्ट लाउंजसाठी, म्हणजे विमानतळावर कार्डावर फुकट बसायला-खायला मिळतं त्या खोलीसाठी, आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च हवा अशी अट आली. आता महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाणाऱ्या माणसाला त्या लाउंजचा उपयोग तरी काय, पण फी त्याच्याकडूनही घेतात. साठवलेल्या पॉइंटना मुदत पण असते, ती संपली की सगळे गेले.

अजून एक, हे पॉइंट बँक पदरचे देत नाही. कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराच्या पैशातून टक्केवारी कापली जाते, त्यातला भाग कार्डवाल्या बँकेला जातो. महाद्वार रोडवरचा छोटा दुकानदार तो खर्च कुठून काढणार? भाव वाढवूनच की. म्हणजे रोख देणारी आजी पण दुसऱ्याच्या पॉइंटचे पैसे भरते, हे मला लई खटकतं.

ज्यांना कार्ड बंद करायचंय त्यांनी घाबरू नये. सगळी थकबाकी भरून बंद करायला सांगितलं की सात कामाच्या दिवसात बँकेनं ते बंद केलंच पाहिजे, नाहीतर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. फक्त त्याआधी साठलेले पॉइंट वापरून घ्या.

माझी मागणी एवढीच आहे की स्टेटमेंटवर पॉइंटचा आकडा नको, त्याचे रुपये किती होतात ते छापा आणि त्याच्याच शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात त्या महिन्याचं व्याज आणि चार्जेस छापा. टेबल टाकून कार्ड विकणाऱ्यांना पण सही घ्यायच्या आधी वर्षाचा व्याजदर मराठीत सांगायची सक्ती करा.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर